इंग्रजी शब्दांची पुंजी : प्रवेश परीक्षांसाठी वाचनाचा सराव

‘इंटरेस्ट’ हा शब्द बँकेत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाचा आहे. येथे त्याचा अर्थ व्याज. घरात तोच शब्द आवड या अर्थाने वावरतो आणि न्यायालयात हितसंबंध या अर्थाने. पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या एखाद्या उताऱ्यात न्यायाधीश ‘डिसइंटरेस्टेड’ होते असे वाक्य आले, की त्यांना खटल्यात रसच नव्हता असा अर्थ लावणारे परीक्षार्थी थोडेथोडके नसतात. लेखकाला मात्र सांगावयाचे असते ते असे, की त्या प्रकरणात न्यायाधीशांचा कोणताही हितसंबंध गुंतलेला नव्हता, म्हणजेच ते निःपक्षपाती होते. स्तुती निंदा म्हणून वाचली जाते आणि मग त्या उताऱ्यावरील सर्वच प्रश्नांची दिशा चुकते.

अशा चुकीचे मोल लहान नसते. देशातील भारतीय व्यवस्थापन संस्थांच्या ‘कॅट’ परीक्षेत एकूण गुणांबरोबरच प्रत्येक विभागात किमान शततमकाची अट असते. गणितात अव्वल ठरलेला विद्यार्थी इंग्रजीच्या विभागात त्या अटीखाली राहिला, तर त्याच्या गणिताचा उपयोग होत नाही. परदेशी विद्यापीठांसाठी द्यावयाच्या ‘जीआरई’ परीक्षेचे शुल्क भारतात वीस हजार रुपयांहून अधिक आहे. शैक्षणिक कर्जाचा अर्ज भरण्याच्या कितीतरी आधी मध्यमवर्गीय कुटुंबाने या मार्गावर केलेला हा पहिला मोठा खर्च असतो. त्यातही दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून पुढे अभियांत्रिकी किंवा विज्ञानाची पदवी घेतलेल्या मुलामुलींची अडचण जराशी वेगळी आहे. त्यांनी चार वर्षे इंग्रजी पुस्तकेच वाचलेली असतात. तथापि यंत्रशास्त्राच्या पुस्तकातील वाक्य सरळ असते. त्यात संज्ञा अवघड असतात, पण लेखक कोणाची खिल्ली उडवीत नाही, अर्धी संमती देऊन पुढच्याच वाक्यात ती काढून घेत नाही. प्रवेश परीक्षेतील उताऱ्यांत नेमके हेच चाललेले असते.

बदललेली परीक्षा

‘जीआरई’चा आरंभ १९३६ साली अमेरिकेतील चार विद्यापीठांच्या सहकार्याने झालेल्या एका प्रयोगातून झाला. पुढे ती ‘एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस’ या संस्थेकडे आली. २०११ पर्यंत या परीक्षेत विरुद्धार्थी शब्द विचारले जात आणि शब्दांच्या जोड्यांमधील साम्यसंबंध ओळखावा लागे. त्या काळात ‘बॅरन्स’च्या मार्गदर्शक पुस्तकातील साडेतीन हजार शब्दांची यादी हा परीक्षार्थींचा नित्यपाठ होता. वसतिगृहांच्या भिंतींवर शब्द चिकटवलेले असत, लोकलच्या प्रवासात ओठ हलत असत. ज्याचे पाठांतर चांगले, त्याचे गुण चांगले, असा बऱ्याच अंशी सरळ व्यवहार होता.

ऑगस्ट २०११ मध्ये हे दोन्ही प्रश्नप्रकार काढून टाकण्यात आले. आता वाक्यातील गाळलेली जागा भरावयाची असते, सहा पर्यायांतून वाक्याला समान अर्थ देणारे दोन शब्द निवडावयाचे असतात आणि उतारे वाचावयाचे असतात. काही वाक्यांत दोन वा तीन जागा रिकाम्या असतात. त्यातील एक जरी चुकली तरी संपूर्ण प्रश्नाचा गुण जातो. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा आणखी आटोपशीर झाली असून शाब्दिक विभागात ४१ मिनिटांत २७ प्रश्न सोडवावे लागतात. ‘कॅट’मध्येही २०२१ ते २०२४ या वर्षांत इंग्रजी विभागातील २४ प्रश्नांपैकी १६ प्रश्न उताऱ्यांवर होते. केवळ शब्दाचा अर्थ विचारणारा जुना प्रश्न तेथूनही नाहीसा झाला आहे.

परीक्षा बदलली, घराघरांतील तयारी मात्र फारशी बदलली नाही. मोठ्या भावंडांनी वापरलेल्या याद्या धाकट्यांच्या हाती येतात आणि उन्हाळ्याच्या सुटीत रोज पन्नास शब्दांचा संकल्प सोडला जातो. यादी टाकाऊ आहे असे नाही. शब्द येतच नसेल तर वाक्य कोठून उमगणार? पण यादीत शब्द एकटा असतो, आणि परीक्षेत तो कधीच एकटा येत नाही.

ओळखीचे शब्द, अनोळखी अर्थ

परीक्षार्थीला अनोळखी शब्दाची भीती वाटते. अधिक घात करतो तो ओळखीचा शब्द, कारण तो शब्दकोशात पाहण्याची कोणाला गरजच वाटत नाही. बँकेच्या खिडकीवर रोज कानी पडणारे शब्दच पाहावेत. ‘सँक्शन’ म्हणजे मंजुरी हे कर्जदाराला चांगले ठाऊक असते; परंतु एका देशाने दुसऱ्या देशावर ‘सँक्शन्स’ लादले, तर ते निर्बंध असतात. एकच शब्द परवानगी आणि प्रतिबंध असे दोन्ही अर्थ वागवतो. ‘डिस्काउंट’ म्हणजे सूट, किंवा मुदतीपूर्वी हुंडी वटवणे. उताऱ्यात मात्र इतिहासकार एखादा पुरावा ‘डिस्काउंट’ करतो, म्हणजे तो त्याला विशेष महत्त्व देत नाही. ‘टेंडर’ ही निविदा आहे, राजीनामा सादर करण्याची क्रिया आहे आणि कोवळेपणाही आहे. एखादी कल्पना ‘करन्सी’ मिळवते तेव्हा ती रूढ होते. मराठी वाचकाला याचे नवल वाटू नये, कारण आपल्याकडील ‘चलन’ आणि ‘प्रचलित’ हे शब्दही एकाच धातूपासून आले आहेत.

असे आणखी कितीतरी शब्द सांगता येतील. ‘चेक’ म्हणजे धनादेश तसेच अटकाव. ‘वाँट’ म्हणजे इच्छा तसेच अभाव. ‘टेम्पर’ हे क्रियापद झाले की राग येणे नव्हे, सौम्य करणे असा अर्थ देते. ‘फ्लॅग’ हा झेंडा आहे, परंतु उत्साह ‘फ्लॅग’ होतो तेव्हा तो मावळत असतो. लेखकाने आपले विधान ‘क्वालिफाय’ केले असे म्हटले की विधान पात्र ठरले असा अर्थ होत नाही. लेखकाने त्याला काही मर्यादा घातली असा होतो. हा शेवटचा शब्द तर उताऱ्यांवरील प्रश्नांत वारंवार भेटतो.

म्हणून वहीत शब्दासमोर एक मराठी प्रतिशब्द लिहून पान उलटण्याची सवय सोडावी लागते. शब्द ज्या वाक्यात भेटला ते संपूर्ण वाक्य उतरवून घ्यावे आणि त्याखाली त्या वाक्यापुरता अर्थ लिहावा. पुढे तोच शब्द दुसऱ्या वाक्यात, दुसऱ्या अर्थाने भेटला की तेही वाक्य त्याच पानावर यावे. महिन्याभरात अशी वही फुगत नाही, पण तिच्यातील शब्द वापरता येतात.

मराठी विद्यार्थ्याची वडिलोपार्जित ठेव

मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी इंग्रजीच्या बाबतीत स्वतःला रिकाम्या हाताचा समजतो. वास्तविक त्याच्या पदरी एक ठेव असते, ती त्याने कधी उघडून पाहिलेली नसते. १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांचे मूळ एक असावे असे प्रतिपादन केले. इंग्रजीतील विद्वज्जनांची शब्दसंपदा मोठ्या प्रमाणावर ग्रीक व लॅटिनमधून आली आहे आणि मराठीतील तत्सम शब्द संस्कृतातून. त्यामुळे काही शब्दांची घडण थक्क करण्याइतकी सारखी निघते. ‘पेरिमीटर’ आणि ‘परिमिती’ यांत उपसर्गही जुळतो आणि मोजण्याचा धातूही. ‘अनॉनिमस’ आणि ‘अनामिक’ यांत नकार आणि नाम एकामागोमाग येतात. ‘इम्मॉर्टल’ आणि ‘अमर्त्य’, ‘नोव्हेल’ आणि ‘नव’, ‘डेंटल’ आणि ‘दंत’ ही नाती तशीच. ‘क्रेडिट’च्या मुळाशी विश्वास ठेवणे या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे आणि भाषाशास्त्रज्ञ त्याचे नाते संस्कृत ‘श्रद्धा’ या शब्दाशी जोडतात. बँकेतील ‘पत’ हीदेखील शेवटी विश्वासाचीच गोष्ट. हे मूळ एकदा कळले की ‘क्रेड्यूलस’ म्हणजे भोळा, ‘इनक्रेड्यूलस’ म्हणजे सहजी विश्वास न ठेवणारा आणि ‘क्रेडेन्स’ म्हणजे विश्वासार्हता, हे तीन शब्द वेगवेगळे पाठ करावे लागत नाहीत. ‘इग्नॉमिनी’ या शब्दात नाव हरवल्याची कल्पना आहे. आपण ‘नाव घालवले’ म्हणतो, त्याच्या हा शब्द अगदी जवळ बसतो.

नॉर्मन लुईस यांचे १९४९ साली प्रसिद्ध झालेले ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ हे पुस्तक अद्याप आपल्याकडील पदपथांवरही विकले जाते, ते याच धातुपद्धतीच्या बळावर. मात्र येथे सावधगिरी हवी. ‘इन’ हा उपसर्ग दिसला की नकार, असे समीकरण मांडणारा ‘इनफ्लेमेबल’पाशी फसतो, कारण तो शब्द ज्वालाग्राही पदार्थासाठी आहे. ‘इनव्हॅल्युएबल’ म्हणजे कवडीमोल नव्हे. पण मराठीत ‘अमूल्य’ म्हणजे तरी कोठे कवडीमोल असते? ज्याला हे सुचले, त्याला तो शब्द पुन्हा पाहावा लागणार नाही.

विसरण्याचा हिशेब

आज पाठ केलेले उद्या आठवत नाही ही तक्रार जुनी आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच निरर्थक अक्षरगटांचे प्रयोग करून १८८५ साली दाखवून दिले, की विसरण्याचा वेग आरंभी सर्वाधिक असतो आणि नंतर तो मंदावत जातो. उजळणी वाढत्या अंतराने केली तर कमी श्रमात अधिक टिकते. याच तत्त्वावर सेबास्टियान लाइटनर यांनी १९७२ साली पत्त्यांच्या खोक्याची युक्ती सुचवली. खोक्यात पाच कप्पे करावेत. नवा शब्द असलेला पत्ता पहिल्या कप्प्यात टाकावा, तो कप्पा रोज पाहावा. अर्थ आठवला की पत्ता पुढच्या कप्प्यात जातो, जो दोनतीन दिवसांनी उघडावयाचा. तेथून आठवड्याच्या, मग पंधरवड्याच्या कप्प्यात. कोठेही अर्थ चुकला की पत्ता मुकाट्याने पहिल्या कप्प्यात परत. आज हेच काम भ्रमणध्वनीवरील अनेक उपयोजने करतात, तरी स्वहस्ते लिहिलेल्या पत्त्यांचा गठ्ठा अनेकांना अधिक मानवतो. रोजचे नवे पत्ते दहाबाराच्या पुढे नेऊ नयेत. तिसऱ्या आठवड्यात उजळणीचेच पत्ते इतके साठतात की पन्नासांचा संकल्प आपोआप मोडतो.

दुसरी गोष्ट पुन्हापुन्हा वाचण्याविषयीची. अमेरिकेतील रोडिगर व कार्पिक या संशोधकांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी वापरलेले उतारे इंग्रजीच्याच एका परीक्षेच्या तयारी पुस्तकातील होते. काही विद्यार्थ्यांनी उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचून, पुस्तक मिटून, आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर चित्र उलटले : लिहून काढणाऱ्यांना उताऱ्यातील सुमारे ५६ टक्के भाग आठवत होता, दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. वाचताना सारे कळल्यासारखे वाटते, ते वाटणे किती फसवे असते याचा याहून चांगला दाखला मिळणे कठीण.

उतारा कसा वाचावा

वेळ पुरत नाही, ही उताऱ्यांविषयीची सार्वत्रिक तक्रार. तिचा हिशेब एकदा कागदावर मांडावा. ‘कॅट’च्या इंग्रजी विभागासाठी सर्वसाधारण परीक्षार्थीला ४० मिनिटे मिळतात. उताऱ्यांखेरीजच्या आठ प्रश्नांना बारा मिनिटे दिली, तर चार उताऱ्यांना प्रत्येकी सात मिनिटे उरतात. सुमारे ५०० शब्दांचा उतारा मिनिटाला २०० शब्द अशा बेताच्या गतीनेही अडीच मिनिटांत वाचून होतो. म्हणजे चार प्रश्नांसाठी साडेचार मिनिटे हातात राहतात. वेळ खातो तो पहिल्या वाचनाचा संथपणा नव्हे. पहिल्या वाचनात लेखकाचे म्हणणे हाती लागलेले नसते, म्हणून प्रत्येक प्रश्नासाठी उतारा पुन्हा आरंभापासून वाचला जातो. मिनिटे जातात ती तेथे. वेगवाचनाच्या वर्गांवर पैसे घालण्यापूर्वी पालकांनी हा हिशेब अवश्य करून पाहावा.

लेखकाचे म्हणणे हाती लागण्यासाठी वळणे ओळखावी लागतात. मराठी गद्यात ‘तथापि’, ‘असे असले तरी’, ‘किंबहुना’ हे शब्द दिसताच जाणता वाचक सावध होतो. इंग्रजीतील ‘हाउएव्हर’, ‘ऑल्दो’, ‘इनडीड’, ‘फार फ्रॉम’ यांचे काम तेच. पहिल्या परिच्छेदात मांडलेले मत पुष्कळदा लेखकाचे नसतेच. ते ज्याचे खंडन करावयाचे त्या प्रतिपक्षाचे असते. मराठीत पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष ही शास्त्रचर्चेची जुनी परिभाषा आहे. पूर्वपक्ष कोठे संपतो ती ओळ पेन्सिलीने खुणावण्याची सवय लागली, की निम्मे काम झाले. गाळलेल्या जागांनाही हाच नियम लागतो. समजा वाक्य असे आहे : ‘समकालीनांना त्याची शैली रुक्ष वाटली असली, तरी आज ती तिच्या अमुक गुणासाठी वाखाणली जाते.’ येथे पर्यायांकडे वळण्यापूर्वीच वाचकाने मनाशी ‘ओलावा’ किंवा ‘नेटकेपणा’ असा मराठी शब्द योजावा आणि मग त्याच्याशी जुळणारा इंग्रजी पर्याय शोधावा. पर्याय आधी वाचले की प्रत्येकच बरा वाटू लागतो.

पर्यायांची फसगत आणखी एका प्रकारे होते. अमर्त्य सेन यांनी १९८१ सालच्या ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की १९४३ चा बंगालमधील दुष्काळ मुख्यतः धान्याच्या टंचाईमुळे घडला नाही. समाजातील काही वर्गांची धान्य मिळवण्याची क्षमताच नाहीशी झाली होती. या मजकुरावर प्रश्न आला तर एक पर्याय युद्धकालीन सरकारच्या बेफिकिरीविषयी असेल. ते विधान वाचकाला खरे वाटेल, त्याच्या मनात संतापही असेल. परंतु दिलेल्या उताऱ्यात ते नसेल तर ते उत्तर नव्हे. दुसरा पर्याय म्हणेल की धान्याच्या टंचाईचा दुष्काळाशी ‘कधीच’ संबंध नसतो. सेन यांनी एवढे सरसकट विधान केलेले नाही. आपले ज्ञान आणि आपला आवेश क्षणभर बाजूला ठेवून लेखक म्हणाला तेवढेच ऐकणे, ही या परीक्षांची खरी मागणी आहे आणि हुशार मुलांना तीच सर्वांत जड जाते. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे बरोबर उत्तर लिहून थांबू नये. चुकीचा पर्याय आपल्याला का आवडला, हे एका ओळीत लिहावे. शंभर प्रश्नांनंतर त्या ओळी वाचल्या, की स्वतःचा स्वभाव दिसू लागतो.

काय वाचावे

हू आणि नेशन या अभ्यासकांनी २००० साली असे दाखवले, की मदतीशिवाय मजकूर नीट समजण्यासाठी त्यातील सुमारे ९८ टक्के शब्द परिचित असावे लागतात. म्हणजे पन्नास शब्दांत एखादाच अनोळखी. तीनशे शब्दांच्या पानावर पाचसहा शब्द अडले तर ते पुस्तक सरावास योग्य. वीस अडले तर ते काही महिन्यांनी हाती घ्यावे. विषय परिचयाचा असला तर ही चढण सोपी होते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे ‘राइज ऑफ द मराठा पॉवर’ हे १९०० साली प्रसिद्ध झालेले पुस्तक या दृष्टीने मराठी वाचकाला फार उपयोगी आहे. प्रसंग आणि माणसे ओळखीची, भाषा मात्र उच्च दर्जाच्या वैचारिक इंग्रजीची. शिवाय संपूर्ण पुस्तक ग्रँट डफ यांच्या मताच्या प्रतिवादासाठी उभे आहे, त्यामुळे पूर्वपक्ष हुडकण्याचा सराव जागोजागी होतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा १९२३ चा ग्रंथ अधिक कठीण, परंतु बँकेशी संबंध असलेल्या घरात तो असावाच. सुवर्ण विनिमय पद्धतीचे समर्थन करणाऱ्या केन्स यांच्याशी त्यांनी घातलेला वाद म्हणजे तर्कशुद्ध इंग्रजी गद्याचा वस्तुपाठ आहे. मुंबईहून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मधील एखादे टिपण आणि चांगल्या इंग्रजी दैनिकाचा अग्रलेख हे रोजच्या अर्ध्या तासाला पुरेसे आहेत. इंदूर, बडोदा किंवा हैदराबाद येथील मराठी कुटुंबांना यासाठी मोठ्या शिकवणीची वाट पाहावी लागत नाही. शहरातील सार्वजनिक ग्रंथालयाचे सभासदत्व पुरते.

वाचून झाल्यावर लेख मिटावा आणि लेखकाचे म्हणणे मराठीत तीन वाक्यांत सांगावे. घरात ऐकणारे कोणी असेल तर उत्तमच. इंग्रजीचा सराव इंग्रजीतच व्हावा असा आग्रह धरणारे शिक्षक याला नाके मुरडतात. पण तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी शिकल्या, हेही विसरता येत नाही. इंग्रजीत सारांश लिहिताना मूळातील वाक्ये चोरून वापरता येतात. मराठीत सांगताना ती सोय नसते. कळले नसेल तर जीभ अडखळते.

परीक्षेच्या व्यवहाराविषयी थोडेसे. २०२० नंतर अमेरिकेतील अनेक अभ्यासक्रमांनी ‘जीआरई’ची सक्ती काढून टाकली किंवा ती ऐच्छिक केली आहे. तेव्हा शुल्क भरण्यापूर्वी इच्छित विद्यापीठाचे, आणि त्यातही नेमक्या विभागाचे नियम पाहावेत. परीक्षा घेणारी संस्था दोन पूर्ण सराव परीक्षा विनामूल्य उपलब्ध करून देते. पहिली तयारीच्या आरंभी द्यावी आणि दुसरी प्रत्यक्ष परीक्षेच्या दोनतीन आठवडे आधी. दोन्ही शेवटच्या आठवड्यात उरकल्या तर त्यांतून सुधारण्यास अवधी राहत नाही. ‘जीआरई’चे गुण पाच वर्षे ग्राह्य धरले जातात आणि २१ दिवसांच्या अंतराने ती पुन्हा देता येते, मात्र शुल्क दरवेळी नव्याने भरावे लागते. ‘कॅट’ वर्षातून एकदाच, नोव्हेंबरच्या सुमारास होते. रोज अर्धा तास वाचावयाचे ठरवले, तर त्यासाठी बसणाऱ्याने मे महिन्याच्या पलीकडे आरंभ लांबवू नये.